रुमालाखालचा भाव

सन्मतीनं बेंगळुरूहून येताना डबा आणला,
पेढ्याच्या डब्याएवढा, गोल,
वर निळ्या कडीचा दिवा.
"आई, आता उठायला नको. नुसतं सांगायचं."

सांगितलं.
हॉलचा दिवा लाव म्हटलं, लागला.
लागलेला दिसतो मला,
मोतीबिंदू एकाच डोळ्यात आहे अजून.
तरी आतली बाई म्हणते,
"ठीक आहे. हॉलमधला दिवा सुरू केला आहे.
तुम्हाला माहीत आहे का,
हा दिवा रात्री अकरा वाजता आपोआप बंद होऊ शकतो?"

नव्हतं माहीत.
अडलंही नव्हतं.

सदतीस वर्षं या घरात
मी "ऐकलंत का?" म्हणत आले
आणि पेपरापलीकडून यायचं ते "हं."
त्यात होकाराचा हं वेगळा,
या महिन्यात पैसे नाहीत, तो वेगळा,
जाऊन ये भावाकडे, मी खाईन काहीतरी,
तो तर फारच वेगळा, शेवटी जरा लांबवलेला.
पाच वर्षं लागली शिकायला.

आता "ऐकलंत का" म्हणायचा अवकाश,
शोकेसवरून उत्तर हजर:
"माफ करा, मला नीट समजलं नाही."
अगं, पण तुला विचारलंय कुणी!

ह्यांचा जन्म गेला हळदीच्या अडतीत.
वडिलांच्या हाताखाली शिकले ती जुनी रीत,
दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा
आणि खाली बोटं धरायची.
कुठलं बोट, किती वेळा, किती जोरात,
तेवढ्यावर गाडीभर पोती इकडची तिकडं.
तोंडानं ओरडायचे ते फक्त हमाल.
घरी आले की नखं पिवळी,
चहाची बशी अर्धी सोडून सरकवली
की मी समजायची, आज भाव पडला.

पुराच्या साली पाणी
जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं
तेव्हा हा माणूस तीन शब्द बोलला:
"पोती वर घ्या."
ही बाई असती त्या दिवशी
तर पावसाची शक्यता सांगत बसली असती.

परवा तिनं विचारलं,
घरात आणखी कोण आहे? नाव सांगा,
म्हणजे त्यांचा आवाज मी ओळखेन.
नाव!
कागदावर लिहिलंय हजारदा,
तोंडानं उखाण्याबाहेर कधी नाही.
मग घेतलाच उखाणा, पदर सावरून, डब्यासमोर उभी राहून:
"यार्डात हळदीचे ढीग, सोन्याहून पिवळे,
भूपालरावांचं न बोललेलं मलाच तेवढं कळे."

ती म्हणाली,
"हळद तुमच्या खरेदीच्या यादीत टाकली आहे."

पेपर हलला.
मागं मिशीत हसले असावेत.

तरी चालवून घेतलं असतं.
पण काल दिवस मावळताना सामायिकाला बसले,
डोळे मिटलेले, श्वास कुठं जरा जागेवर येतोय,
तोच ही:
"तुमचं पार्सल उद्या पोहोचेल.
त्यात आहे, एक गुडघ्याचा पट्टा."
सगळ्या आळीला कळलं, माझा गुडघा.

मौन सुटलं तशी उठले.
खुंटीवरचा ह्यांचा रुमाल घेतला,
कितीही धुतला तरी हळद न गेलेला,
टाकला तिच्यावर
आणि खाली हात घालून चाचपलं.
बटण लागलं. दाबलं.
"आवाज कमी केला आहे."
पुन्हा दाबलं.
"आवाज कमी केला"
पुन्हा. बारीक, अजून बारीक,
माजघरात बायका बोलतात तितपत,
मग काही नाही.

हे बघत होते, चष्मा कपाळावर.
"केवढ्याला पटलं?"

मी म्हटलं, "हं."

रात्री पाणी प्यायला उठले
तर रुमालाखाली निळी कडी जागीच,
पिवळ्यातून हिरवी दिसत होती.
तिचं आपलं चाललेलं काहीतरी.
चालू दे.
भिंतीवर हात फिरवून
दिवा मी माझा लावला.